दहा बाय सहाचं अंगण

रो-हाउसच्या पुढ्यात दहा फूट रुंद, सहा फूट खोल एवढीच जागा असली, तरी तिथे दुचाकी, रांगोळी, तुळस आणि बाग हे सगळं मावतं. झाडं कडेला आणि भिंतीवर न्यायची, मधली जमीन सलग मोकळी ठेवायची.

आधी ऊन पाहा. पुण्यात डिसेंबरच्या भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे इतका कललेला असतो, की दहा फूट उंच भिंतीची सावली सुमारे नऊ फूट पडते. म्हणजे घराचं तोंड उत्तरेला असेल तर अख्खं अंगण तेव्हा सावलीत. तेच अंगण मे महिन्यात डोक्यावरच्या उन्हाने तापतं. अशा ठिकाणी मोगऱ्याचा हट्ट धरू नका; अबोली लावा, नेचे कुंडीत ठेवा, म्हणजे उन्हाळ्यात आत सरकवता येतात. पूर्व-दक्षिणेला मोगरा, जास्वंद खुशाल लावा.

मग खडूने जमिनीवर आखा: फाटक उघडताना घेतं ती जागा, दुचाकी, दारापर्यंत तीन फुटांची वाट. उरेल ती बाग.

कुंपणाच्या भिंतीलगत दीड फूट रुंद, फूटभर उंच विटांचा वाफा बांधा. त्याहून रुंद केला तर मागच्या झाडापर्यंत हात पोचत नाही. तळ उघडाच ठेवा. घराच्या भिंतीला मात्र वाफा चिकटवू नका, ओल चढते. दोन भाग पोयटा, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट भरा. नुसती काळी माती पावसात चिकट होते, उन्हाळ्यात भेगाळते.

मधे शहाबादी फरशी बसवा; फाटकाकडे दीड इंच उतार द्या आणि सांध्यांत सिमेंटऐवजी वाळू भरा, पाणी मुरतं.

वेल एकच. भिंतीपासून तीन इंच सोडून जाळी ठोका आणि तिच्यावर जाई चढवा. मधुमालती सुंदर, पण एवढ्याशा जागेत ती आवरत नाही. कढीपत्ता कुंडीतच लावा. मुळांतून फुटवे काढत तो सगळा वाफा व्यापतो. तुळस मधोमधच हवी असा घरोघरी आग्रह असतो. माझं मत वेगळं आहे: सकाळचं ऊन येणाऱ्या कोपऱ्यात, वाफ्याच्या कठड्यावर ठेवलेली तुळस जोमाने वाढते आणि प्रदक्षिणेची वाट सोडली तर काहीच अडत नाही.

लागवड पहिले दोन-चार पाऊस झाल्यावर करा. पहिल्या वर्षी रोपांमधलं अंतर रिकामं दिसेल. तिथे सदाफुली लावा, दाटी झाली की उपटता येते.