बाकाला आधी वजन द्या, कप्पे नंतर

निवृत्तीनंतर सुतारकामाकडे वळलेले एक अभियंते माझ्या परिचयाचे आहेत. पहिलं काम म्हणून त्यांनी कामाचा बाकच बनवायला घेतला. वर पॉलिश केलेला साग, खाली सहा खण, मागे हत्यारं ठेवायला पन्हळ, दोन टोकांना दोन व्हाइस आणि चारही पायांना चाकं. बाक देखणा झाला होता, आणि तो बघायला गेलेल्यांत मीही होतो.

पहिल्या फळीवर रंधा फिरवताच तो डोलायला लागला. चाकांचे ब्रेक लावलेले होते, तरीही. हाताचा जोर लाकूड तासण्यात लागायच्या ऐवजी बाक हलवण्यात जात होता. पुढे त्यांनी फळी दाबून धरण्यासाठी होल्डफास्ट आणला आणि बाकाच्या माथ्याला भोक पाडलं, तर ड्रिल थेट खणात उतरलं. खूप मेहनत घेणाऱ्या माणसाचा उत्साह असा मावळताना पाहणं फार वाईट असतं, म्हणून हे लिहितो आहे.

बाकाचं खरं काम लाकूड हलू न देणं. फळी आडवी ठेवून तिचं रुंद अंग रंधताना, ती कडेवर उभी करून कड सरळ करताना आणि टोक वर धरून सांधा कापताना, अशा तिन्ही वेळी ती घट्ट राहिली पाहिजे. आपल्याकडचा गावचा सुतार जमिनीवर बसून हीच कामं पायाच्या दाबाखाली करत आला. तिथे हलायला काही नसतंच. जमीन म्हणजे सगळ्यांत जड बाक!

पॅरिसचा सुतार आंद्रे जाकोब रुबो याने 1769 ते 1775 या काळात सुतारकामावर प्रचंड ग्रंथ लिहिला. त्यातल्या बाकाचा माथा म्हणजे पाच-सहा इंच जाडीची एकच फळी. पाय तिच्या पुढच्या कडेशी समपातळीत, त्यामुळे लांब फळी कडेवर उभी केली की पायांनाही टेकते. माथ्यावर होल्डफास्टची भोकं आणि ठोकून वरखाली करता येणारा अडथळा. एवढ्यावर घरांची दारं-खिडक्या घडत. स्कॉटिश लेखक पीटर निकल्सन याने 1812 मध्ये दाखवलेला बाक आणखी स्वस्तातला आहे: माथा पातळ, पण पुढून रुंद आडवी फळी लावून ताठ केलेला. अमेरिकन सुतार-लेखक ख्रिस्तोफर श्वार्झ याने या जुन्या बाकांचा नव्याने अभ्यास केला. 2020 मधल्या पुस्तकात त्याने बाक बांधला तो घरबांधणीला वापरतात त्या पाइनचा. महाग लाकूड लागतंच असं नाही.

आपल्याकडे पाडलेल्या वाड्याची जुनी तुळई मिळाली तर उत्तमच. नाहीतर 18 मिमीच्या प्लायचे तीन थर चिकटवले की 54 मिमीचा जड, सपाट माथा तयार होतो. पाय जाड घ्या आणि खाली चारही बाजूंनी आडव्या पट्ट्यांनी जखडा. डोलणं थांबतं ते मुख्यतः इथेच. चाकं नकोत. खण हवेच असतील तर बाक काही महिने वापरून मग करा आणि होल्डफास्टचा दांडा खाली उतरेल एवढी मोकळी जागा माथ्याखाली ठेवा.

उंचीसाठी हात सरळ खाली सोडून उभे राहा. करंगळी तळहाताला जिथे मिळते, तिथपर्यंत माथा आला की हातरंधा चालवताना अंगाचं वजन कामी येतं. फक्त सांधे कापणाऱ्याला थोडा उंच बाक सोयीचा पडतो.

व्हाइस सुरुवातीला एकच घ्या. उजव्या हाताने काम करत असाल तर तो डावीकडे बसवा आणि उजव्या पायाला एकाखाली एक भोकं पाडून त्यांत खुंटी घाला. लांब फळीचं दुसरं टोक त्या खुंटीवर टेकतं, आणि दुसऱ्या व्हाइसचे पैसे चांगल्या पटाशीला उरतात.