एका जुन्या बिनतारी गाडीचा जीर्णोद्धार

गेल्या वर्षीं दिवाळीची सुटी संपल्यावर आमच्या नववींतील एक विद्यार्थी पुठ्ठ्याची एक जुनी पेटी घेऊन मजकडे आला. पेटींत सुमारें सव्वा फूट लांबीची, धुळीनें माखलेली, चाकांचें रबर तडकलेली अशी एक खेळण्याची मोटारगाडी होती. त्याचे वडील शाळेंत असतांना त्यांच्या मामांनीं, जे जहाजावर नोकरीस होते, ती परदेशाहून आणली होती. "सर, ही पुन्हां चालेल का?" हा मुलाचा पहिला प्रश्न, आणि "हिला आज किंमत किती येईल?" हा दुसरा. या दोन प्रश्नांच्या पाठीं लागून आम्हां दोघांना सहा महिने जें शिकावें लागलें, तें विद्यार्थ्यांस व पालकांस सांगण्याजोगें वाटतें.

ती गाडी जपानांतील तामिया कंपनीची 'हॉर्नेट', म्हणजे गांधीलमाशी, या नांवाची होती. ही कंपनी १९४६ सालीं शिझुओका शहरीं लांकूड कापण्याची गिरणी म्हणून सुरू झाली. पुढें ती लांकडाचे व नंतर प्लास्टिकचे नमुने करूं लागली. शुनसाकु तामिया (जे २०२५ सालीं निवर्तले) यांनीं पोर्शे मोटारीचा हुबेहूब नमुना करतां यावा म्हणून खरीखुरी पोर्शे गाडी विकत घेऊन ती सुटी करून पाहिली होती. तो नमुना सिद्ध करण्यांत खर्च फार झाला, व तो भरून निघावा म्हणून त्याच नमुन्यास मोटर व बिनतारी यंत्र बसवून १९७६ सालीं कंपनीनें आपली पहिली बिनतारी गाडी विकावयास काढली. १९७९ सालीं धातूचे ओतींव भाग असलेली 'सँड स्कॉर्चर', आणि १९८४ सालीं 'ग्रासहॉपर', म्हणजे नाकतोडा, व आमची ही गांधीलमाशी बाहेर पडली. त्या काळच्या मुलांनीं या गाड्या स्वहस्तें जोडल्या, कारण त्या तयार मिळतच नसत. पेटींत सुटे भाग, स्क्रू व आकृत्यांची एक पुस्तिका एवढेंच असे. तीं मुलें आज पन्नाशीच्या घरांत आहेत, आणि लहानपणीं मोडलेली किंवा कधींच न मिळालेली गाडी शोधीत आहेत. जुन्या गाड्या जमविण्याचा व दुरुस्त करण्याचा हा छंद आज जपान, इंग्लंड, अमेरिका वगैरे देशांत पसरला आहे, त्याचें मूळ हें.

गाडी चालते कशी, हें अगोदर पाहूं. हातांतील प्रेषक यंत्र विद्युत्-लहरी सोडतें व गाडींतील ग्राहक यंत्र त्या पकडतें. जुन्या संचांत बहुधा २७ मेगाहर्ट्‌झची लहर असे. म्हणजे सेकंदास दोन कोटी सत्तर लक्ष कंपनें. प्रेषकांत व ग्राहकांत जोडीचे क्वार्ट्झचे स्फटिक असत. दोन मुलांच्या स्फटिकांचें माप एकच निघालें तर एकाच्या हुकमानें दुसऱ्याची गाडी भिंतीवर आदळे! ग्राहक यंत्र दोन सर्व्होंना आज्ञा देतें. सर्व्हो म्हणजे लहानशी मोटर व दांत्यांचीं चाकें असलेली एक बंद डबी. एक सर्व्हो पुढचीं चाकें वळवितो, दुसरा वेगनियामकाचें पातें तांब्याच्या पट्ट्यांवरून सरकवितो. पातें मधल्या पट्टीवर असलें म्हणजे वीज एका रोधांतून जाते. तिचा कांहीं भाग तेथें उष्णता होऊन वायां जातो व उरलेल्या विजेवर मोटर हळू फिरते. गाडी बराच वेळ हळू हांकली तर रोधाला हात लावतां येत नाहीं. आजचे नियामक वीज क्षणोक्षणीं तोडून व जोडून वेग कमी करितात, त्यामुळें ही नासाडी टळते. बॅटरी सहा निकेल-कॅडमियम घटांची, प्रत्येकीं १.२ व्होल्टची; एकूण किती व्होल्ट झाले हें पांचवींतील मुलानेंही सांगावें.

आतां दुरुस्तीकडे वळतों. पहिल्याच दिवशीं पहिल्याच स्क्रूनें माझा गर्व उतरविला. या गाड्यांचे स्क्रू फुलीच्या खाचेचे असतात, पण ती फुली जपानी मापाची. आपल्याकडे नेहमीं मिळणारा फिलिप्स जातीचा स्क्रूड्रायव्हर तींत बसल्यासारखा दिसतो, परंतु तळापर्यंत जात नाहीं. जोर केला कीं तो वर उचलला जातो व खाचेच्या कडा खाऊन टाकतो. मीं जोर केला. शेवटीं त्या स्क्रूच्या डोक्यावर करवतीच्या पात्यानें आडवी चीर पाडून तो बाहेर काढावा लागला, आणि विद्यार्थ्यासमोर गुरूनें खजील होणें म्हणजे काय तें मला कळलें. योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर आणविल्यावर बाकीचे सर्व स्क्रू लोण्यांतून काढावे तसे निघाले. पुन्हां बसवितांनाही एक युक्ति आहे. प्लास्टिकमध्यें स्क्रूनें आपले आटे आपणच पाडलेले असतात. म्हणून स्क्रू प्रथम उलट, म्हणजे डावीकडे, हलकेच फिरवावा. टक्‌ असा किंचित् आवाज होऊन तो जुन्या आट्यांत उतरला कीं मगच उजवीकडे फिरवावा. असें न केल्यास नवे आटे जुन्यांना छेदतात व भोंक सैल होतें.

ग्राहक यंत्राकरितां चार लहान सेल वेगळे होते. ते पेटींतच विसरले गेले होते व फुटून त्यांतील क्षार स्प्रिंगांवर साचला होता. अल्कलाइन सेलांतून पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपतें. तें अल्कली असल्यामुळें शिरक्याचे चार थेंब टाकतांच फसफसून निवळलें. (अम्ल व अल्कली यांचा धडा फळ्यावर जो कळत नाहीं तो येथें एका क्षणांत कळला. मात्र हातमोजे घालावे.) वेगनियामकाच्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या, त्या पेन्सिलीचें खोडणारें रबर घासून उजळल्या. मोटर मात्र जवळजवळ निर्दोष निघाली.

गाडीचें वरचें कवच पॉलिकार्बोनेट नांवाच्या पारदर्शक प्लास्टिकचें असतें व रंग आंतल्या बाजूनें दिलेला असतो, जसें कांचेच्या तसबिरीवर मागून चित्र काढावें. त्यामुळें वरून किती ओरखडे पडले तरी रंग जात नाहीं. मागच्या कडेला गेलेली एक चीर आम्ही आंतून बारीक जाळीचें कापड लवचिक गोंदानें चिकटवून थांबविली. पांढरीं चाकें पिवळसर झालीं होतीं. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हांत ठेविल्यास हा पिवळेपणा जातो, पण तो कालांतरानें परतूंही शकतो. आम्ही चाकें तशींच राहूं दिलीं.

खरा प्रश्न टायरांचा होता. रबर हवेनें व उन्हानें एकदां तडकलें म्हणजे त्याला औषध नाहीं. नवें शोधलेंच पाहिजे. येथें मात्र जपानी कारखानदारांच्या एका संवयीचें कौतुक केल्यावांचून राहवत नाहीं. पुस्तिकेच्या शेवटीं प्रत्येक भागाची यादी व अनुक्रमांक छापलेला असतो. प्लास्टिकचे भाग झाडाच्या फांदीला फळें लागावींत तसे एका चौकटीला लागून येतात, व प्रत्येक फांदीला अक्षर असतें. चाळीस वर्षांपूर्वींचा तुटलेला भागही त्यामुळें नांवानिशीं मागतां येतो. बाजारांतील किती वस्तूंविषयीं असें म्हणतां येईल? मोडली कीं फेंकावी, हीच आज खेळण्यांची रीत झाली आहे.

भाग मिळण्याचे मार्ग अनेक. एखाद्या जुन्या दुकानाच्या फळीवर पडून राहिलेला साठा हा सर्वांत उत्तम, पण दुर्मिळ. दुसरा मार्ग, एक मोडकी गाडी विकत घेऊन तिचे अवयव दुसरीला लावणें. तिसरा, घरगुती कारागिरांनीं धातूंत कातलेले किंवा त्रिमिति-मुद्रण यंत्रानें थरावर थर देऊन घडविलेले भाग. यांतले मुद्रित भाग ताण पडल्यास थराथरांतून फाटतात, म्हणून ते शोभेच्या जागीं बरे. आणि चौथा मार्ग कंपनीनेंच उघडला. तिनें हॉर्नेट २००४ सालीं, ग्रासहॉपर २००५ सालीं व सँड स्कॉर्चर २०१० सालीं पुन्हां काढल्या. या पुनर्निर्मित गाड्यांचे बहुतेक भाग जुन्या गाड्यांना बसतात. दुरुस्ती करणाऱ्याला हें वरदान. पण संग्राहकांत यामुळेंच वाद माजले. जुनी कोणती व नवी कोणती? आणि जुनीला नवे भाग लाविले तर तिला काय म्हणावें?

या वादाची झळ आम्हांलाही लागली. जुन्या साठ्यांतील मूळचीं टायरें म्हणून एका विक्रेत्याकडून आम्ही दुप्पट दाम देऊन जोडी घेतली. चाळीस वर्षांचें रबर इतकें मऊ कसें, अशी शंका येऊन पत्र घातलें, तेव्हां तीं पुनर्निर्मित गाडीच्या संचांतलीं असल्याचें त्यानें कबूल केलें. टायरें उत्तम होतीं व अजून आहेत. फसवणूक रबरांत नव्हती, लेबलांत होती.

नवें सर्वच चांगलें असेंही नाहीं. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचें ठिगळ लावूं नये, हा शुभवर्तमानांतील दृष्टांत आमच्या शाळेंत सर्वांना ठाऊक आहे. त्याचा प्रत्यय पाहावयाचा असेल तर जुन्या गाडींत आजची जबर शक्तीची मोटर व लिथियमची बॅटरी बसवून पाहावी: जुन्या दांत्यांच्या चाकांवर असा ताण येतो कीं त्यांचे दांतच उडतात. आम्ही मूळची मोटर ठेविली, व बॅटरी ७.२ व्होल्टचीच पण निकेल-मेटल-हायड्राइड जातीची घेतली. पालकांस एक विनंति: लिथियमची बॅटरी घरांत असल्यास ती मुलांनीं एकट्यानें चार्ज करूं नये, ती बिघडल्यास पेट घेते. बिनतारी यंत्र मात्र आम्ही नवें, २.४ गिगाहर्ट्‌झचें बसविलें, कारण तें आपली मोकळी वाट आपणच शोधतें व कोणाच्या गाडीस अडवीत नाहीं. जुनें यंत्र पुसून पेटींत ठेविलें आहे.

आतां चॅसीविषयीं. ही काळ्या प्लास्टिकची, एखाद्या पसरट टोपल्यासारखी असते व सर्व कांहीं तिच्यांत बसतें. आमच्या चॅसीला पुढच्या बाजूस तडा होता व खालून ती खरवडून निघाली होती. मुलाच्या मनांत गाडी नवी कोरी दिसावी व विकावी असें होतें. त्यानें खाऊचे पैसे सांठवून नवी चॅसी मागविली, ती आलीही. पालक-सभेच्या दिवशीं त्याचे वडील प्रयोगशाळेंत आले तेव्हां जुनी चॅसी मेजावर उपडी पडली होती. त्यांनीं ती उचलली, खिडकीशीं नेली व एका कोपऱ्यावर आंगठा फिरविला. तेथें कर्कटकाच्या टोंकानें कोरलेलीं दोन अक्षरें होतीं, जीं आम्ही इतके दिवस ओरखडे समजत होतों. "मास्तर, या अक्षरांपायीं आईचा मार खाल्ला आहे मीं," एवढेंच ते म्हणाले. मुलगा कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो आला तो नवी चॅसी न घेतां आला, आणि तडा बुजवितां येईल का असें विचारूं लागला.

तडा बुजवितां येतो. त्याच जातीच्या प्लास्टिकचे तुकडे अॅसिटोनमध्यें विरघळवून त्याची लापशी करावी व ती आंतून भरावी. अॅसिटोन उडून जातें व प्लास्टिक मागें राहून एकजीव होतें. खिडक्या उघड्या ठेवाव्यात व जवळ दिवा किंवा काडी नसावी. तीन दिवसांत आमचा सांधा पक्का झाला. कोरलेल्या अक्षरांवर आम्ही कांहींच केलें नाहीं.

गाडी विकण्याचा विचार सध्यां मागें पडला आहे. तरी पुढें ती कोणाच्याही हातीं जावो, म्हणून मुलानें स्वच्छ अक्षरांत एक यादी करून पेटींत ठेविली आहे: टायरें नवीं, पुनर्निर्मित संचांतलीं, बिनतारी यंत्र नवें, बॅटरी नवी, एक स्क्रू गुरुजींनीं बिघडविल्यामुळें बदललेला, बाकी मूळचें. चौथी नोंद गाळावी असें मीं सुचवून पाहिलें, पण त्यानें ऐकलें नाहीं.

शाळेच्या मैदानावर गाडी आतां धांवते. वेगांत असतां मागचें उजवें चाक अद्याप किंचित् थरथरतें. आंस वांकलेला असावा. त्याचा अनुक्रमांक पुस्तिकेंत सांपडला आहे, आणि मागणीचें पत्र गेलें आहे.