ठिसूळ भंग : शेती-अवजारांचे लोखंड न वाकता का मोडते?

उन्हाळी नांगरटीच्या दिवसांत काळी जमीन वाळून दगडासारखी कठीण झालेली असते. अशा जमिनीत नांगर चालू असता फाळ एखाद्या गोट्यावर आदळतो, टणकन आवाज होतो आणि फाळाचे टोक तुटून तासात पडते. फाळ वाकत नाही की ताणला जात नाही. तो काचेसारखा मोडतो. ‘लोखंड कच्चे निघाले’ असे म्हणून शेतकरी नवा फाळ बसवितो आणि पुष्कळदा तोही थोड्याच दिवसांत त्याच जागी मोडतो. फाळाची किंमत तर जातेच, पण त्याहून मोलाचे असे हंगामाचे दिवस जातात. उडालेला तुकडा डोळ्याला लागला तर होणारे नुकसान कशानेच भरून येत नाही.

असा मोड निव्वळ दैवयोगाने होत नाही. धातू आपला आकार न बदलता एकाएकी फुटतो, त्यास ठिसूळ भंग म्हणतात. त्याची कारणे ठरावीक असून त्यांपैकी बहुतेक गावच्या लोहारशाळेत किंवा वेल्डिंगच्या दुकानात टाळता येण्यासारखी आहेत.

कठीणपणा व चिवटपणा

लोखंडाचे हे दोन गुण निरनिराळे आहेत, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. कठीण धातूवर सहजासहजी ओरखडा उठत नाही, त्याची झीज कमी होते व धार टिकते. चिवट धातू आघात बसला असता किंचित वाकतो व तो आघात स्वतःत जिरवून घेतो. काच कठीण आहे, पण चिवट नाही. तार चिवट आहे, पण कठीण नाही. नांगराच्या फाळास हे दोन्ही गुण लागतात आणि अडचण अशी की, एकाच पोलादात कठीणपणा वाढवीत गेल्यास चिवटपणा बहुधा कमी होत जातो.

म्हणूनच ‘फाळ लवकर झिजतो, यंदा पाणी जरा जास्त पाज’ असे लोहारास सांगणारा शेतकरी नकळत मोडका फाळ मागत असतो. पुढे फाळ मोडला की तो नरम फाळ मागतो व तो महिनाभरात झिजून जातो. या फेऱ्यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे कामापुरता कठीणपणा घेऊन बाकीचा चिवटपणा राखणे.

कोणते लोखंड कसे वागते

लोखंडाचे गुण मुख्यतः त्यातील कार्बनाच्या प्रमाणावर ठरतात. सळ्या, पट्ट्या व कोनपट्ट्या यांचे नरम पोलाद सुमारे पाव टक्क्यापर्यंत कार्बनाचे असते. ते वाकते, पण सहसा एकदम मोडत नाही. मालमोटारीच्या जुन्या कमानीच्या पट्ट्यात हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून अधिक असते. या पट्ट्यापासून लोहार फाळ, पास, विळे व कोयते बनवितात. असे पोलाद पाणी पाजल्यास कठीण होते व चुकीचे पाणी बसल्यास ठिसूळही होते.

बिडात कार्बन साधारणपणे दोन ते चार टक्के असतो व नेहमीच्या बिडात तो काळ्या पातळ पापुद्र्यांच्या रूपाने धातूत पसरलेला असतो. हे पापुद्रे म्हणजे बिडाच्या अंगातच असलेल्या भेगा होत. त्यामुळे बीड दाब चांगला सोसते, परंतु ताण व ठोका सोसत नाही. बिडाचा भाग कधीही घणाने ठोकून सरळ करू नये.

खाच : भंगाचे मूळ

कापडविक्या कापड फाडण्यापूर्वी काठाला कात्रीने जरासा छेद देतो. सारा जोर त्या छेदाच्या टोकाशी एकवटतो व कापड सरळ फाटत जाते. धातूतही हेच घडते. कानशीचा खोल ओरखडा, छिन्नीची खूण, खडबडीत छिद्र, काटकोनात कापलेला कोपरा किंवा जोडातील बारीक चीर यांपैकी कोणत्याही खाचेच्या टोकाशी ताण कितीतरी पटींनी वाढतो. धातू चिवट असेल तर ते टोक किंचित ओघळून बोथट होते व भेग थांबते. धातू ठिसूळ असेल तर भेग थांबत नाही. ती क्षणार्धात आरपार जाते. लहानशी भेग वस्तूचे बळ किती घटविते, याचे गणित इंग्रज शास्त्रज्ञ ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये काचेवरील प्रयोगांतून मांडले.

खाचेचे सामर्थ्य केवढे असते, हे दुसऱ्या महायुद्धात साऱ्या जगाने पाहिले. अमेरिकेत त्या काळी जहाजांचे पत्रे रिव्हेट मारून न जोडता वेल्डिंगने जोडून जहाजे झपाट्याने बांधली जात होती. ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टेडी’ हे नवे तेलवाहू जहाज १६ जानेवारी १९४३ च्या थंड रात्री शांत पाण्यात धक्क्याला उभे असता मोठा आवाज होऊन मधोमध दुभंगले. ना वादळ होते, ना टक्कर झाली होती. ‘लिबर्टी’ या नावाच्या मालवाहू जहाजांनाही अशाच भेगा पडल्या व त्यांपैकी काही डेकवरील चौकोनी तोंडांच्या टोकदार कोपऱ्यांतून निघालेल्या आढळल्या. केंब्रिजच्या संशोधिका कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले की, दोष केवळ वेल्डिंगचा नव्हता. ते पोलादच थंडीत ठिसूळ होत होते. पुढे ते कोपरे गोलसर करण्यात आले आणि भेग जेथे अडेल अशा पट्ट्या बसविण्यात आल्या.

थंडीने पोलादाचा चिवटपणा घटतो हे यावरून स्पष्ट होते. महाराष्ट्रातील हिवाळा त्या मानाने सौम्य असल्याने येथे अवजारे मोडण्याचे कारण बहुधा थंडी नसून खाच, चुकीचे पाणी व चुकीचे वेल्डिंग हे असते. परंतु जहाजांचा धडा येथेही तितकाच लागू आहे : टोकदार कोपरा कोठेही ठेवू नये. गाडीचा आख जेथे जाडीतून बारीक होतो, तेथे काटकोनी पायरी न ठेवता गोलाई ठेवावी. छिद्र ज्योतीने जाळून न पाडता बरम्याने पाडावे व त्याच्या कडा कानशीने साफ कराव्यात.

मोडलेला तुकडा वाचावा

मोडलेला भाग भंगारात टाकण्यापूर्वी नीट पाहावा. मोडीच्या तोंडावर तिचे कारण लिहिलेले असते.

(१) तोंड सपाट, चमकदार व साखरेसारखे दाणेदार असून दोन्ही तुकडे फुटक्या बशीसारखे एकमेकांस तंतोतंत जुळत असतील, तर तो ठिसूळ भंग होय. दाणे भरड असल्यास ताव प्रमाणाबाहेर गेला होता, असा संशय घ्यावा.

(२) तोंड मळकट व तंतुमय असून कडा ओढलेल्या किंवा वाकलेल्या असतील, तर धातू चिवट होता. भारच जास्त झाला. येथे जाड भाग वापरावा किंवा भार कमी करावा.

(३) तोंडाचा काही भाग गुळगुळीत असून त्यावर शिंपल्यासारख्या वळ्या दिसत असतील व उरलेला भाग खडबडीत असेल, तर भेग वारंवारच्या हिसक्यांनी दिवसेंदिवस वाढत होती. ट्रॅक्टरच्या जोडणीच्या खिळी व आख बहुधा असेच मोडतात.

(४) तोंडाचा काही भाग गंजलेला किंवा तेलाने काळवंडलेला असेल, तर तेवढी भेग आधीपासूनच होती आणि ती वेळीच दिसली असती, तर मोड टळला असता.

लहान भेगेकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचे उदाहरण १५ डिसेंबर १९६७ रोजी अमेरिकेत ओहायो नदीवरील ‘सिल्व्हर ब्रिज’ या पुलाने घालून दिले. साखळीच्या एका दांडीतील सुमारे अडीच मिलिमीटर खोलीच्या भेगेने ती दांडी तुटली, सारा पूल कोसळला आणि ४६ माणसे प्राणास मुकली.

पाणी पाजल्यावर शेक द्यावा

कार्बनयुक्त पोलाद लाल तापवून एकदम थंड केले की ते अतिशय कठीण, परंतु ठिसूळ होते. तसेच वापरल्यास ते पहिल्याच ठोक्यास तुटण्याचा संभव असतो. म्हणून पुढील क्रम पाळावा.

तापविताना पोलादास चुंबक लावून पाहावा. चुंबक धरीनासा झाला म्हणजे त्याहून किंचित अधिक ताव पुरे. पांढरट ताव येऊ देऊ नये. फाळाची फक्त धार व टोक थंड करावे, अंग नरम राहू द्यावे. कमानीचे पोलाद पाण्यात बुडविल्यास तडकण्याची भीती असते. त्यासाठी तेल बरे. तेल पेट घेते, म्हणून भांडे उघड्यावर ठेवून झाकण हाताशी ठेवावे.

नंतर थंड झालेला भाग घासून चकचकीत करावा व पुन्हा मंद शेकावा. त्यावर प्रथम गव्हाच्या काडीसारखा पिवळा, मग तपकिरी, पुढे जांभळा व शेवटी सुमारे ३०० अंश सेल्सिअसला निळा रंग चढतो. केवळ कापण्याचे काम असलेल्या धारेस पिवळा रंग पुरेसा आहे. फाळ, टिकाव यांसारख्या ठोके खाणाऱ्या अवजारांस जांभळ्या ते निळ्या रंगापर्यंत शेक द्यावा. या शेकाने थोडा कठीणपणा जातो, पण त्याच्या मोबदल्यात मोठा चिवटपणा मिळतो.

वेल्डिंग करताना

मोडलेला फाळ थंड स्थितीत जोडल्यास जोड पक्का दिसतो, पण जोडाच्या बाजूचे पोलाद क्षणात तापून क्षणात निवते, म्हणजे त्यास आपोआप पाणी पाजले जाते. म्हणूनच फाळ पुन्हा जोडाला लागूनच मोडतो. हे टाळण्यासाठी भाग आधी सुमारे २०० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा, जोड झाल्यावर कोरड्या राखेत किंवा वाळूत पुरून सावकाश निवू द्यावा आणि पाणी कधीही ओतू नये. ओलसर वेल्डिंग कांड्यांतून हायड्रोजन धातूत शिरतो व काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही भेग पडते. यास्तव कांड्या कोरड्या असाव्यात. बिडाचे भाग पितळेच्या झाळीने किंवा निकेलयुक्त कांडीने थोडेथोडे जोडावेत.

काही भाग जोडूच नयेत. कडबा कुट्टी यंत्राचे तडकलेले चाक, ओझे उचलण्याचा आकडा व ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या जोडणीची खीळ यांना तडा दिसताच ते बदलावेत. रोटाव्हेटरच्या दांड्यावर अडथळा आल्यास आधी तुटावा म्हणून मुद्दाम ठरावीक बळाचा बोल्ट दिलेला असतो. त्याच्या जागी अधिक कठीण बोल्ट बसवू नये. नाहीतर बोल्ट वाचतो आणि यंत्र मोडते. हातोड्याच्या तोंडावर दुसऱ्या हातोड्याने घाव घालू नये. दोन्ही तोंडे कठीण असल्याने कपची उडून डोळा जाण्याचा धोका असतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

हंगामापूर्वी गावच्या लोहारशाळेत पुढील प्रात्यक्षिक घडवून आणावे. कमानीच्या एकाच पट्ट्याचे तीन सारखे तुकडे घ्यावेत. तिन्ही तुकड्यांस सारखेच पाणी पाजावे. पहिला तसाच ठेवावा. दुसऱ्यास निळ्या रंगापर्यंत शेक द्यावा. तिसऱ्यासही तसाच शेक देऊन मध्यभागी कानशीने खोल खाच पाडावी. प्रत्येक तुकडा शेगड्यात धरून, गोणपाटाने झाकून हातोड्याने ठोकावा. ठोकणाऱ्याने डोळ्यांवर चष्मा घालावा व इतरांनी दूर उभे राहावे. पहिला तुकडा चटकन मोडेल, दुसरा पुष्कळ ठोके सोशील आणि तिसरा दुसऱ्याच्या मानाने लवकर खाचेपाशी मोडेल. फ्रेंच अभियंता शार्पी यांनी १९०१ मध्ये प्रसिद्धीस आणलेली, खाच पाडलेल्या तुकड्यावर लोलकाच्या हातोड्याने आघात करण्याची कसोटी आजही प्रयोगशाळांत याच तत्त्वावर घेतली जाते.

याच वेळी भेग शोधण्याची सोपी रीत दाखवावी. भाग स्वच्छ करून त्यावर रॉकेल किंवा डिझेल लावावे, थोड्या वेळाने पुसून कोरडा करावा व खडूची पूड चोळावी. हातोडीने हलकेच ठोकताच भेगेत शिरलेले तेल वर येऊन ओली रेघ उमटते. हे काम विस्तवापासून दूर करावे. एखादा मोठा बिडाचा भाग टांगून ठोकल्यास चांगला भाग खणखणतो, तडकलेला बद्द वाजतो.

मृगापूर्वी अर्धा दिवस अवजारांच्या अशा तपासणीस दिल्यास ऐन पेरणीत वाया जाणारे दिवस वाचतील. लोहाराकडे जाताना शेतकऱ्याने मोडलेला तुकडाही बरोबर न्यावा आणि ‘जास्त पाणी पाज’ असे न म्हणता ‘पाणी पाजून निळा शेक दे’ असे सांगावे.