खेळाची संस्था आणि तिची तिजोरी : एक अभ्यास

संस्थेचा अभ्यास करताना आपण तिची घटना पाहतो, पदाधिकारी पाहतो. हिशेबाची वही मात्र शेवटी उघडतो. वास्तविक संस्था कोणाच्या हाती आहे, हे त्या वहीवरूनच कळते. अमेरिकेतील ‘लिटल लीग’ हे याचे बोलके उदाहरण होय.

१९३९ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट येथे कार्ल स्टॉट्झ यांनी मुलांसाठी बेसबॉलची ही संस्था सुरू केली. संघ तीनच. एकाला दूध कंपनीचे, दुसऱ्याला लाकूड व्यापाऱ्याचे, तर तिसऱ्याला खाऊ बनविणाऱ्या कंपनीचे साहाय्य मिळाले. कोणा एकाच्या जिवावर संस्था उभी नव्हती.

पुढे व्याप वाढला. १९४८ साली युनायटेड स्टेट्स रबर ही मोठी कंपनी आश्रयदाती म्हणून लाभली. १९५२ साली त्याच कंपनीतून आलेले पीटर मॅकगव्हर्न अध्यक्ष झाले. संस्थेला व्यापारी वळण लागत आहे, असे स्टॉट्झ यांना वाटू लागले. १९५५ साली वाद न्यायालयात गेला. तडजोड झाली, पण संस्थापकच संस्थेबाहेर पडले. संस्था मात्र वाढतच गेली आणि १९६४ साली तिला अमेरिकी काँग्रेसची सनद मिळाली. मोठ्या देणगीने संस्था वाढते हे खरे. पण देणगीबरोबर अधिकारही सरकतो, हे विसरून चालणार नाही.

आता लहान संस्थेचा हिशेब मांडून पाहू. समजा, मुले ६० आणि हंगामाचा खर्च ३०,००० रुपये. पैकी २०,००० रुपये एकच देणगीदार देतो. उरलेल्या रकमेसाठी प्रत्येक मुलाची वर्गणी सुमारे १६७ रुपये पडते. देणगीदाराने हात आखडता घेतला, तर तीच वर्गणी ५०० रुपये होते. ज्याच्या घरी ५०० रुपये नाहीत, तो मुलगा मैदानाबाहेर जातो. तेच २०,००० रुपये दहा जणांकडून आले असते, तर एक जण गेल्याने प्रत्येक मुलामागे फक्त ३३ रुपयांचा भार वाढला असता.

म्हणून कार्यकर्त्यांनी देणगीदार अनेक ठेवावेत, प्रत्येक रकमेची पावती द्यावी, बँकेचे व्यवहार दोघांच्या सहीने करावेत, थोडी शिल्लक पुढील हंगामासाठी राखावी आणि जमाखर्च पालकांसमोर वाचून दाखवावा.

विद्यार्थी मित्रांनी आपल्या भागातील एखाद्या क्रीडा मंडळाचा वार्षिक अहवाल मिळवावा आणि एकच प्रश्न विचारावा : सर्वांत मोठा देणगीदार उद्या गेला, तर कोणता मुलगा खेळायचा थांबेल?