पादचाऱ्याचा अग्रहक्क : इंग्लंडात नव्याने येणाऱ्यांसाठी

लंडन, स्लाउ, हॅरो आणि आसपासच्या उपनगरांत दीर्घकाळ स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांस, नवागतांना रस्त्यासंबंधी पहिली सूचना कोणती द्याल, असे विचारले असता जे उत्तर बहुतांशी मिळाले, ते ऐकणाऱ्यास प्रथम काहीसे विपरीत वाटेल : येथील वाहने आपल्याकडच्याप्रमाणेच डाव्या बाजूने चालतात, या गोष्टीवर फार विसंबू नका. अमेरिकेस जाणारा मनुष्य बाजू बदलल्यामुळे निदान सावध तरी असतो. इंग्लंडात उतरणाऱ्यास मात्र सर्व काही परिचित भासते, आणि बाजू तीच असली तरी चालणारा व चालक यांच्या परस्परांविषयीच्या अपेक्षा सर्वस्वी निराळ्या आहेत, हे ध्यानात येण्यास विलंब लागतो.

या अपेक्षांचे मूळ झेब्रा क्रॉसिंगपाशी पाहावयास मिळते. आपल्याकडे हे पट्टे रस्त्याची शोभा वाढविण्यापुरतेच असतात, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होईल, पण फारसा अन्याय होणार नाही. येथे १९३४ साली होर-बेलिशा हे वाहतूकमंत्री असताना पिवळ्या गोलकांचे खांब उभे राहिले, १९५१ साली स्लाउ येथे काळेपांढरे पट्टे आले, आणि तेव्हापासून त्यांचा अंमल पिढ्यान् पिढ्या अंगवळणी पडला आहे. पट्ट्यांवर पाऊल पडताच वाट देणे चालकावर कायद्याने बंधनकारक आहे; कडेला नुसता तिष्ठत उभा असलेल्यासाठीही थांबावे, असा 'हायवे कोड' या येथील वाहतूक-नियमावलीचा निर्देश आहे. म्हणून हात आडवा करून, वाहनांमधील फट हेरीत, अर्ध्यावर थबकत पुढे सरकण्याची जी विद्या पुण्यामुंबईत आपण कमावलेली असते, ती येथे केवळ निरुपयोगी नव्हे, तर घातक आहे. कारण चालक तुमच्या सरळ चालीचा हिशेब धरून असतो. गाडी खरोखर मंदावली, चालकाची नजर तुमच्याकडे वळली, अशी खात्री होताच एकसारख्या गतीने ओलांडावे, आणि मध्येच माघारी फिरू नये.

सहा महिन्यांसाठी भेटीस आलेल्या आईवडिलांविषयी सर्वच कुटुंबे विशेष आस्थेने बोलली. वडीलधारी मंडळी सायंकाळी फिरावयास निघतात, ओळखीचे कोणी भेटले की नेमकी या पट्ट्यांच्या तोंडाशीच उभी राहून घरच्या वार्ता सांगू लागतात, आणि दोन्ही बाजूंस मोटारींची रांग अदबीने खोळंबते, हे त्यांच्या गावीही नसते. गप्पांसाठी चार पावले दूर उभे राहावे, एवढे त्यांस सांगून ठेवावे. याहून गंभीर बाब हिवाळ्याची. डिसेंबरात लंडनमध्ये चारच्या आतच सूर्य मावळतो, आणि मुलाने मोठ्या हौसेने घेऊन दिलेला जाड काळा कोट परिधान केलेला वृद्ध मनुष्य चालकास जवळ येईपर्यंत दिसत नाही. फिकट रंगाचे कपडे असावेत, आणि अंधारात प्रकाश परावर्तित करणारी पट्टी बाहीवर असावी. गावाबाहेर, जेथे पदपथ नाही, तेथे समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून उजव्या कडेने चालावे, असा येथील नियम आहे. शाळेत डाव्या बाजूने चालण्याचा पाठ घोकलेल्यांस तो मुद्दाम समजावून द्यावा लागतो.

आता चालकाविषयी. भारतीय परवान्यावर येथे वास्तव्यास आल्यापासून बारा महिने गाडी चालविण्याची मुभा आहे. त्यानंतर लेखी व प्रत्यक्ष परीक्षा देणे क्रमप्राप्त ठरते, आणि अनुभवी मंडळी त्यासाठी मुदत संपण्याची वाट पाहू नका असे बजावतात. 'हायवे कोड'मध्ये २९ जानेवारी २०२२ पासून अंमलात आलेल्या सुधारणेनुसार, आडरस्त्यात वळणाऱ्या चालकाने तो रस्ता ओलांडणाऱ्यास, किंबहुना ओलांडण्यासाठी थांबलेल्यासही, प्रथम जाऊ द्यावे. नवागताची दृष्टी वळताना समोरच्या मोटारींवर खिळलेली असते. ती कोपऱ्यावरील मनुष्याकडे वळविणे हीच खरी शिकण्याची गोष्ट होय. दिव्यांच्या उघडझापीबाबतही सावध राहावे. आपल्याकडे तिचा अर्थ 'मी येतो आहे, थांबा' असा असतो, येथील लोक ती पुष्कळदा 'तुम्ही निघा' म्हणून करतात, आणि नियमावली मात्र केवळ स्वतःच्या अस्तित्वाची जाणीव देण्यापुरतीच तिला मान्यता देते. सबब तिच्या भरवशावर पायी किंवा गाडीने, कसेही पुढे जाऊ नये. शाळेपाशी 'थांबा' अशी पाटी धरून उभ्या असलेल्या पिवळ्या कोटातील व्यक्तीपुढे मात्र थांबलेच पाहिजे, तेथे कायदा सवलत देत नाही.

गणेशोत्सवात दर्शनासाठी 'पाचच मिनिटे' गाडी उभी करण्याचा मोह अनेकांस होतो. क्रॉसिंगच्या दोन्ही अंगांस ज्या पांढऱ्या नागमोडी रेषा असतात, त्यांवर गाडी उभी करण्यास सक्त मनाई आहे, कारण तिच्या आडून रस्त्यावर येणारे मूल कोणासच दिसत नाही. त्याबद्दल दंड होतोच, शिवाय परवान्यावर तीन दंडगुणांची नोंद होऊ शकते.