सेप्टिक टांकी उपसणारा जाणता माणूस कसा ओळखावा



घरांतील चूल, विहीर व गोठा ह्यांची आठवण रोज होते. परसांतील सेप्टिक टांकीची आठवण मात्र ती तुंबून दुर्गंधि सुटल्यावरच होते. 2014 सालीं स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यावर खेड्यापाड्यांतून पुष्कळ घरीं शौचालयें झालीं, आणि त्या वेळच्या कित्येक टांक्या आतां भरत आल्या आहेत. मग घरधनी घाईघाईनें जो कोणी मिळेल त्याला बोलावितो, आणि "किती घेणार?" एवढेंच विचारतो. हा प्रश्न शेवटचा आहे. त्याच्या आधींचे प्रश्न कोणते, तें ह्या पाठांत पाहूं.

प्रथम टांकीचें काम समजून घ्यावें, कारण ज्याला तें ठाऊक नाहीं त्याला जाणता व अजाण ह्यांतील भेद कळणार नाहीं. इंग्लंडांतील एक्झेटर शहरीं डोनल्ड कॅमेरन ह्या नगराच्या अधिकाऱ्यानें 1895च्या सुमारास अशी टांकी बांधून तिला 'सेप्टिक' हें नांव दिलें. तिचें तत्त्व अजून तेंच आहे. मैला टांकींत स्थिर राहिला म्हणजे त्याचे थर होतात. जड गाळ तळाशीं बसतो, तेलकट साय वर तरंगते, आणि मधलें पाणी पलीकडच्या नळीनें शोषखड्ड्यांत जातें. गाळांत हवेवांचून जगणारे सूक्ष्म जंतु असतात. ते त्याचा कांहीं भाग कुजवितात, सर्व नाहीं. उरलेला गाळ वर्षानुवर्षें चढत जातो, आणि तो बाहेरच्या नळीपर्यंत पोहोंचला कीं मैलाच शोषखड्ड्यांत शिरून मातीचीं छिद्रें बुजवितो. टांकी उपसतां येते. बुजलेला शोषखड्डा नव्यानें खणावा लागतो. म्हणून दोन-तीन वर्षांनीं टांकी उपसावी असें सांगतात.

तेव्हां जाणता माणूस भाव सांगण्यापूर्वी स्वतःच विचारतो: घरांत माणसें किती? मागें केव्हां उपसली होती? टांकीला कप्पे किती? पाणी पुढें कोठें जातें? पांच माणसांच्या घरास दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाणी राहील अशी टांकी पुरते. तुमची ह्याहून केवढी आहे हें तो काठी घालून मोजील. रस्त्यापासून टांकीपर्यंतचें अंतर आणि आपल्या गाडीच्या नळीची लांबी हींहि तो आधींच सांगेल. जो कांहींच न विचारतां "होऊन जाईल" म्हणतो, त्याच्यापासून जपून राहावें.

कित्येक ठिकाणीं ज्याला आपण टांकी म्हणतों तो नुसता खोल खड्डा असतो, आणि कित्येकांकडे दोन शोषखड्ड्यांचें शौचालय असतें. ह्या दुसऱ्यास गाडीची गरजच नाहीं. एक खड्डा भरला कीं पाणी दुसऱ्याकडे वळवावें, पहिला दीड-दोन वर्षें बंद ठेवावा, मग आंतील मैल्याचें कोरडें खत झालेलें असतें. हें सांगून जो पैसे न घेतां परत जातो, त्याचा पत्ता अवश्य लिहून ठेवावा.

आतां सर्वांत मोठी गोष्ट. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरीं लग्न चार दिवसांवर आलें असतां टांकी भरली. ट्रॅक्टरावर पिंप लादून दोन तरुण आले. वरचें पाणी त्यांनीं ओढलें, पण तळचा गाळ घट्ट होता. तेव्हां त्यांतील धाकटा विजार वर खोंचून म्हणाला, "साहेब, मी आंत उतरून फोडतों, शंभर रुपये जास्त द्या." मीं खिशांत हात घातला होता. शेजारच्या आजीबाई ओट्यावरून ओरडल्या, "दादा, ते पोर माझ्या नातवाएवढें हाय, उतरूं नका देऊं!" मी थांबलों. त्या दिवशीं मला जी लाज वाटली ती अजून गेली नाहीं. कारण मला टांकींतील वायूंची माहिती नव्हती असें मुळींच नाहीं.

तो वायु कुजलेल्या अंड्यासारखा वास मारतो, पण त्याचें प्रमाण वाढलें म्हणजे नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, आणि वास गेला असें वाटून माणूस निर्धास्त होतो. शिवाय आंत प्राणवायु कमी असतो, आणि पेट घेणारा मिथेनहि असतो. म्हणून कंदील सोडून पाहणें ही परीक्षा नव्हे, अपघाताला आमंत्रण आहे. पहिला पडला कीं त्याला काढण्यास दुसरा धांवतो आणि तोहि पडतो. 2013च्या कायद्यानें संरक्षक साधनांवांचून कोणासहि अशा टांकीच्या सफाईस प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष लावण्यास मनाई केली आहे. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. ही मनाई केवळ ठेकेदारास नाहीं, काम सांगणाऱ्या घरधन्यासहि आहे. गटारांतील मृत्यूंबद्दल 30 लाख रुपये भरपाई द्यावी असें सर्वोच्च न्यायालयानें ऑक्टोबर 2023 मध्यें ठरविलें. पण आंत कोणाचा मुलगा उतरतो हें गांवांत सर्वांस ठाऊक आहे. आपल्यापैकीं कित्येकांच्या आजोबा-पणजोबांनीं हेंच ओझें डोक्यावरून वाहिलें; त्याच घराण्यांतील पोराला आपणच शंभर रुपयांसाठीं खालीं सोडावें काय? घट्ट गाळ पाणी सोडून, लांब काठीनें वरून ढवळून पातळ करितां येतो. जाणत्या माणसाजवळ शोषण-यंत्राची बंद गाडी, हातमोजे व बूट असतात, आणि "आंत कोण उतरणार?" असें विचारल्यास "कोणीहि नाहीं" हेंच उत्तर तो देतो.

मग विचारावें, गाळ कोठें टाकणार? "ओढ्यांत" किंवा "माळावर" असें उत्तर आलें तर त्याला घालवून द्यावें. तोच गाळ पावसांत कोणाच्या तरी विहिरींत येतो. सातारा जिल्ह्यांतील वाई व नाशिक जिल्ह्यांतील सिन्नर येथील नगरपरिषदांनीं टांक्या ठरावीक क्रमानें उपसून गाळ शुद्धीकरण केंद्रांत नेण्याची योजना चालू केली. आपल्या तालुक्याच्या गांवीं असें केंद्र आहे काय, ह्याची ग्रामपंचायतींत चौकशी करावी.

आणखी दोन-चार गोष्टी. टांकी फिनेलनें वा ॲसिडानें धुऊन देण्याची बढाई कोणी मारली तर नको म्हणावें. थोडा गाळ तळाशीं राहिला म्हणजे जंतूंचें काम पुन्हा लवकर सुरू होतें. बाजारांतील जंतूंची पूड टाकल्यानें उपसण्याची गरज टळत नाहीं. भर पावसाळ्यांत पाणी तुंबलें तर दोष बहुधा ओल्या जमिनीचा असतो, आणि तेव्हां टांकी उपसून पैसे फुकट जातात. हें काम उन्हाळ्यांत उरकावें. काम झाल्यावर झांकण घट्ट बसलें आहे कीं नाहीं तें स्वतः पाय न ठेवतां पाहावें, वायूच्या नळीवर जाळी बसवावी, आणि उपसल्याची तारीख जवळच्या भिंतीवर रंगानें लिहावी. आमच्या भिंतीवर अशा तीन तारखा आहेत. पहिलीच्या खालीं धाकट्या मुलीनें फूल काढलें आहे.