नळ तीन, पण पाणी कुठले?

सोलापूर शहराला तीन ठिकाणांहून पाणी मिळते: उजनी धरणातून थेट जलवाहिनीने, भीमेवरील औज बंधाऱ्यातून आणि हिप्परग्याच्या एकरुख तलावातून. तीन सोयी आहेत, मग काळजी कशाची? पण उन्हाळ्यात औज बंधारा भरतो तो उजनीतून नदीत सोडलेल्या पाण्याने! म्हणजे उजनीने तळ गाठला, की तीनपैकी दोन सोयी एकदमच अडचणीत येतात.

खनिज तेलाचेही असेच आहे. भारत आपल्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल परदेशातून आणतो. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले, तेव्हा काही महिन्यांतच भाव जवळजवळ चौपट झाले. असा धोका कोणाला किती, हे मोजता येईल का?

एक सोपी रीत आहे. प्रत्येक पुरवठादाराच्या वाट्याचा वर्ग करावा आणि वर्गांची बेरीज घ्यावी. समजा, 'अ' देश पाच देशांकडून प्रत्येकी २० टक्के तेल घेतो. ०.२ चा वर्ग ०.०४, पाचांची बेरीज ०.२०. 'ब' देश एकाकडून ८० टक्के व दोघांकडून प्रत्येकी १० टक्के घेतो. बेरीज ०.६४ + ०.०१ + ०.०१ = ०.६६. सारे तेल एकाकडूनच घेतले तर उत्तर १ येते. उत्तर १ च्या जितके जवळ, तितका धोका मोठा. वर्ग केल्यामुळे मोठ्या वाट्याचे वजन आपोआप वाढते.

आता नकाशा उघडा. 'अ'च्या पाच पुरवठादारांत कुवेत, कतार आणि इराकचे बसरा बंदर आहे असे समजू. या तिघांची जहाजे होर्मुझच्या एकाच सामुद्रधुनीतून बाहेर पडतात. म्हणून तिघांचा वाटा एकत्र, ०.६, धरला पाहिजे. बेरीज ०.३६ + ०.०४ + ०.०४ = ०.४४. धोका दुपटीहून अधिक झाला!

पुरवठा तुटल्यावर किती दिवस तग धरता येईल, हे साठ्यावरून ठरते. विशाखापट्टणम, मंगळूर व पादूर येथील खडकांत कोरलेल्या गुहांत भारताने ५३.३ लाख टन कच्चे तेल साठवण्याची सोय केली आहे. त्या पूर्ण भरल्या तर देशाला सुमारे साडेनऊ दिवस पुरतील.

करून पाहा: सोलापूरच्या पाण्यात जलवाहिनीचा वाटा ५०, औजचा ३० व हिप्परग्याचा २० टक्के आहे असे माना (आकडे केवळ उदाहरणासाठी). तिन्ही वेगळे धरून बेरीज काढा. मग पहिले दोन एकत्र धरा. (उत्तरे: ०.३८ व ०.६८)